ऑफ व्हाइटला ऑफ व्हाइट जुळवायचा, तर किती खर्च?

नळाची गळती काढायला प्लंबरने भिंत फोडली, मिस्त्रीने प्लास्टर करून दिलं आणि हॉलच्या बदामी भिंतीवर दोन फुटांचा सिमेंटचा चौकोन उरला. चार वर्षांपूर्वी कोणत्या कंपनीचा रंग लावला होता, ते घरात कोणाला आठवत नाही. आठवलं तरी जवळचा दुकानदार आता दुसऱ्याच कंपनीचा माल ठेवतो. ‘काळजी करू नका, मशीनवर सेम टू सेम काढून देतो,’ हे वाक्य मग गुलमंडीत ऐका, कॅनॉटला ऐका, नाहीतर बीड बायपासला.

तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. विटकरी, बाटली हिरवा, गडद निळा असे रंग एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीत बऱ्यापैकी उतरतात. फसगत होते ती ऑफ व्हाइट, आयव्हरी, बिस्कीट, फिकट करडा या साध्या दिसणाऱ्या रंगांत. याचं कारण डब्यातच आहे. दुकानात हे रंग तयार होतात ते पांढऱ्या बेसमध्ये कलरंट सोडून. फिकट रंगाच्या एका लिटरला काळा, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड असे दोन-तीन कलरंट लागतात, तेही थेंबाथेंबाने. एक थेंब इकडचा तिकडे झाला की करडा गुलाबी मारतो नाहीतर हिरवट दिसतो. गडद रंगात तेवढा फरक जिरून जातो. पांढऱ्याच्या जवळच्या रंगात डोळा तो लगेच पकडतो. शिवाय पांढरा बेस तरी सगळ्यांचा सारखा कुठे असतो? टायटॅनियम डायऑक्साइड कोणी जास्त घालतं, कोणी कमी. म्हणून स्वस्त इमल्शनचा बेस मुळातच जरा मळकट असतो. छोट्या डब्यात थेंबांचं गणित आणखी नाजूक होतं, त्यामुळे चार लिटरच्या डब्यात जो मेळ बसतो तो एका लिटरला बसेलच असं नाही.

शेडच्या नावावर तर मुळीच जाऊ नका. प्रत्येक कंपनीची आयव्हरी वेगळी. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत हा घोळ होत नाही, कारण तिथे इलेक्ट्रिक पॅनेलचा रंग नावाने नव्हे, आकड्याने मागवतात: राल ७०३२, राल ७०३५. राल ही १९२७ पासूनची जर्मन प्रमाणपद्धत. आपल्याकडेही ‘आयएस ५’ हे रंगांचं भारतीय मानक आहे. घराच्या भिंतींना असे आकडे कोणी वापरत नाही. पण घर नव्याने रंगवत असाल आणि पुढे कंपनी बदलायची मोकळीक हवी असेल, तर राल ९००१ किंवा ७०३५ काढून मिळेल का, हे दुकानात विचारून पाहायला हरकत नाही. कंपनीगणिक थोडा फरक तिथेही पडेल; निदान सगळ्यांचं लक्ष्य एकच राहील.

दुकानात काय न्यायचं

मोबाइलवरचा फोटो नेऊ नका. कॅमेरा स्वतःच्या मर्जीने पांढरा रंग ठरवतो, आणि स्क्रीनवरून रंग काढणारा दुकानदार अंदाजानेच काढतो. भिंतीचा खरा तुकडा न्या. सुरीने हलकेच खरवडून रंगाचा पापुद्रा पुट्टीसकट काढा. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, सपाट आणि अखंड. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डच्या प्लेटच्या कडेचा तुकडा काढला तर भोक फारसं उठून दिसत नाही. प्लेटखालचा भाग मात्र घेऊ नका. तिथे उजेड, धूळ, धूर पोचलेला नसतो, म्हणून तो रंग चार वर्षांपूर्वीचा असतो आणि तुम्हाला जुळवायचा आहे आजचा. याच कारणाने त्याच कंपनीचा, त्याच कोडचा नवा डबाही जुन्या भिंतीवर ठिगळासारखा उठून दिसतो. जालना रोडलगतच्या घरात किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर तर हमखास.

तुकडा ओल्या फडक्याने पुसून, वाळवून न्या. दुकानात स्कॅनर असेल तर तुकड्यावर तीन-चार ठिकाणी टेकवायला सांगा. सॉफ्टवेअर जवळचा फॉर्म्युला दाखवतं. काही ठिकाणी ‘डेल्टा ई’ नावाचा आकडाही दिसतो. तो १ च्या आत असेल तर फरक सहसा डोळ्याला कळत नाही. ३ च्या पुढे असेल तर पैसे देऊ नका. स्कॅनिंगचे वेगळे पैसे बहुतेक दुकानं घेत नाहीत, माल तिथूनच घ्यावा एवढीच अपेक्षा असते.

फिनिशही बोलून घ्या. एशियन पेंट्सच्या ट्रॅक्टरमध्ये आणि रॉयलमध्ये एकच कोड घातला तरी भिंती वेगळ्या दिसतात, कारण एक उजेड शोषतो, दुसरा चमकतो. कंपनी बदलताना मॅटला मॅट आणि चमकीला चमक हे आधी ठरवा, शेड नंतर.

मग सँपल. शक्य असेल तिथे २०० मिलीचा, नाहीतर एक लिटरचा डबा घ्या आणि थेट भिंतीवर हात न मारता जाड कार्डशीटवर दोन हात मारा. ओला रंग वेगळा दिसतो, म्हणून रात्रभर वाळू द्या. पांढरी कड कापून टाका आणि कार्ड भिंतीला चिकटवून बघा: सकाळी अकराच्या उन्हात, आणि रात्री घरातल्या दिव्याखाली. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली जुळलेला रंग घरच्या पिवळ्या एलईडीत फुटतो, हे नेहमीचं आहे. दोन कंपन्यांचे कलरंट वेगळे असल्याने असं होतं.

हिशेब

पुढचे दर ढोबळ आहेत. हंगाम आणि पेंटर यांच्याप्रमाणे कमीजास्त होतील. चांगलं इंटीरियर इमल्शन लिटरला ४०० ते ५०० रुपये धरा, त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. एक लिटर दोन हातांत १०० ते १४० चौरस फूट जातं. पेंटरची हजेरी ८०० ते १,००० रुपये, आणि तो अर्ध्या दिवसासाठी येत नाही.

समजा, फक्त तो दोन फुटांचा चौकोन रंगवायचा आहे. सँपलचा डबा, थोडा प्रायमर, पुट्टी आणि पूर्ण हजेरी मिळून १,१०० ते १,४०० रुपये. ठिगळ दिसलंच, आणि न्यूट्रल रंगात ते दिसण्याचीच शक्यता जास्त, तर पेंटर पुन्हा बोलवावा लागतो. त्याऐवजी १२ बाय १० ची ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवली, तर रंग ४००-५००, प्रायमर-पुट्टी २००-३०० आणि तीच एक हजेरी: एकूण १,४०० ते १,८०० रुपये. तीन-चारशे जास्त जातात, पण भिंती काटकोनात भेटतात तिथे उजेडच बदलतो, त्यामुळे किरकोळ फरक कोणाच्या लक्षात येत नाही. लिटर जेमतेम पुरतं; दुसरा डबा लागला तर दोन्ही एका बादलीत मिसळूनच वापरा. आणि नवं प्लास्टर तीन-चार आठवडे वाळू द्या, नाहीतर रंग कितीही जुळो, तो भाग डागाळणार.

आता स्वस्त कंपनीचा मोह. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्ला ओपस बाजारात उतरलं तेव्हापासून सवलतींची चढाओढ वाढली आहे, हे ग्राहकाच्या फायद्याचंच. पण सिडकोतल्या एका साध्या हॉलचा हिशेब बघा: भिंती साधारण ४६० चौरस फूट, रंग चार लिटर. लिटरमागे ५० ते ८० रुपये वाचले तर २०० ते ३२० रुपये. मजुरी चौरस फुटाला १० ते १४ रुपयांनी ४,६०० ते ६,४४०. म्हणजे एकूण खर्चातून शंभरात तीन-चार रुपये वाचले. एकच भिंत रंगवायची तर ही बचत ५०-८० रुपयांची, आणि तेवढ्यासाठी रंग फसण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. अख्खं घर नव्याने रंगवताना मात्र खुशाल कंपनी बदला. तिथे जुळवायचंच काही नसतं.

पेंटर एखाद्याच कंपनीचा आग्रह धरत असेल तर बादलीतलं टोकन आठवा. पेंटरला त्यावर पैसे किंवा पॉइंट मिळतात. त्यात गैर काही नाही, फक्त कंपनी तुम्ही ठरवा आणि टोकन त्याला द्या. मजुरीही त्या मानाने बोलता येते.

मशीनवर बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही. म्हणून डबा उघडून, झाकणावर किंवा कागदावर बोट फिरवून, वाळवून तुमच्या तुकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुकान सोडू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर शेड कोड, बेस आणि प्रॉडक्टचं नाव लिहून घ्या. सांगितला एक आणि दिला दुसरा असं झालं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वादाला शुल्क नाही.

स्कॅन करून काढलेला फॉर्म्युला शेड कार्डात नसतो, तो त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्येच असतो. दुकान बंद पडलं की तो गेला. त्यामुळे डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, आणि लेबलच कापून मीटरबोर्डच्या दाराच्या आत चिकटवा. उरलेला पाव लिटर रंग गच्च झाकणाच्या बरणीत भरून तारीख टाकून ठेवा. पुढच्या खेपेस तुकडा खरवडावा लागणार नाही.