बियाला ऊब तळातून, रोपाला उजेड वरून



खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की आपण रोज वाकून बघतो. ट्रेमध्ये बी टाकल्यावर मात्र पाणी मारतो आणि मोकळ्या होतो. थंडीच्या दिवसांत इथेच फसगत होते.

गेल्या जानेवारीत आपल्या एका गटाने शेडनेटमध्ये मिरचीचं बी टाकलं. बियाण्यासाठी गटातूनच कर्ज घेतलं होतं. बारा दिवस झाले तरी एकही कोंब दिसेना. मग सुरू झालं, पाणी कोणी कमी घातलं, बी कोणी आणलं, दुकानदाराने फसवलं का? बैठकीत दोघी एकमेकींशी बोलेनात. शेवटी एका आजींनी ट्रेमध्ये बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर रांजणातल्या पाण्यासारखं गार आहे!"

दोष बियाण्याचा नव्हता, थंडीचा होता. शेडनेट ऊन अडवतं, थंडी अडवत नाही.

थंडीने किती फरक पडतो?

मिरचीचं बी 25 अंश तापमानाला साधारण 8-9 दिवसांत उगवतं. 15 अंशाला त्यालाच जवळजवळ 25 दिवस लागतात. टोमॅटो 25 अंशाला 6 दिवसांत, तर 15 अंशाला 14 दिवसांत. इतके दिवस ओल्या गारव्यात पडलेलं बी सडतं. इथे हवेचं नाही, कोकोपीटचं तापमान महत्त्वाचं. कोबी आणि कांद्याला मात्र एवढी ऊब लागत नाही, त्यांच्यासाठी हा खटाटोप करू नका.

ऊब देणारी पेटी कशी असते?

मोठ्या रोपवाटिकांत यासाठी विजेवरची पेटी किंवा चटई वापरतात. ट्रेच्या खाली गरम होणारी तार, वर पारदर्शक झाकण आणि ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारं थर्मोस्टॅट. ऊब खालून येते, म्हणून कोकोपीट गरम राहतं. 20 वॅटची चटई 24 तास चालली तर जेमतेम अर्धं युनिट जळतं. पण आपल्याकडे रात्री वीज गेली की सगळंच थांबतं. घरचा बल्ब ठेवू म्हणाल, तर एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. शिवाय ओल्या ट्रेजवळ उघडी वायर कधीच नको.

विजेशिवाय काय करायचं?

1. कोकोपीट ओलं करा. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.
2. एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटीमीटर खोल. पाणी कोमट घ्या.
3. ट्रे घरात, चुलीच्या खोलीत एकावर एक रचा. सगळ्यात वर रिकामा ट्रे पालथा घाला. जमीन गार असेल तर खाली पोतं टाका.
4. सगळा ढीग काळ्या प्लास्टिकने गुंडाळा. ऊब आणि ओल दोन्ही आत राहतात.
5. कडाक्याच्या रात्री शेजारी गरम पाण्याची झाकलेली कळशी ठेवा आणि प्लास्टिक दोन्हींवरून घ्या.
6. ढीग उन्हात ठेवू नका. प्लास्टिकखाली फार तापलं तर बी उकडून जातं.

माझी चूक

त्या गटाने दुसऱ्यांदा बी टाकलं तेव्हा ही पद्धत मीच सांगितली. मिरची आणि टोमॅटोचे ट्रे एकाच ढिगात रचले आणि "नवव्या दिवशी उघडा" असं सांगून मी निघून आले. मिरची छान उगवली. टोमॅटो मात्र आधीच उगवून अंधारात वाढला होता. रोपं पांढरट, दोऱ्यासारखी बारीक. निम्मी कोलमडली. झाकायचं कसं ते मी सांगितलं होतं, रोज बघायचं हे सांगितलं नव्हतं. त्या ताईंनी मला बोल लावला नाही, पण हप्ता त्यांनाच भरावा लागला.

म्हणून प्रत्येक पिकाचा ढीग वेगळा ठेवा. टोमॅटो तिसऱ्या दिवसापासून, मिरची पाचव्या दिवसापासून रोज उघडून बघा. चार-पाच कोंबांनी मान वर काढली की त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरा. बाकीचे मागून येतात. त्यानंतर पाणी सकाळी आणि बेताने द्या. ओल जास्त झाली तर मर रोग रोपं बुंध्यातून आडवी करतो.

पुढच्या बैठकीसाठी

सगळं बियाणं एकदम टाकू नका. आधी दोन ट्रे भरा, एक झाकून घरात, एक उघडा शेडनेटमध्ये. कोंब कधी आले, शंभरातले किती आले, हे रोज वहीत लिहा. ज्या ताईची बघायची पाळी असेल तिचं नावही लिहा. दोन्ही आकडे बैठकीत वाचा आणि मगच उरलेलं बी टाका. म्हणजे कुणी कुणाला बोल लावायची वेळ येणार नाही.

तुमची क्षेत्र समन्वयक