तारेत एसी, मोटरही एसी, मग मधे काय?

मुलं हमखास विचारतात, "सर, तारेत एसी, मोटरही एसी, मग थेट का नाही जोडत?" हा प्रश्न टाळू नका! डब्ल्यूएपी-७ इंजिनात सहा मोटरी असतात, दर आसाला एक. त्या थ्री-फेज, वरची तार मात्र सिंगल फेज, २५,००० व्होल्टची, ५० हर्ट्झवर ठरलेली. म्हणून ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, कन्व्हर्टर डीसी करतो आणि इन्व्हर्टर पुन्हा थ्री-फेज एसी बनवतो, तोही हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा. खरी गंमत इथेच आहे: फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की मोटरचा वेग वाढतो. ब्रेक लावताना तीच मोटर जनरेटर होते, वीज तारेत परत जाते.

आणि हो, घरीही सांगाच: या तारेला हात लागायलाच हवा असं नाही. जवळ गेलं तरी वीज उडी मारते. सेल्फीसाठी उभ्या मालडब्यावर चढणाऱ्या पोरांना हेच ठाऊक नसतं.