एका मुलापासून सुरुवात: समावेशित वर्गासाठी शिक्षकांची तयारी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. हा हक्क फळ्यापर्यंत पोहोचवतो तो वर्गशिक्षक. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीसारख्या शाळा-केंद्रातल्या केंद्रप्रमुखांनी आणि मुख्याध्यापकांनी त्याची तयारी अशी करून घ्यावी.

साहित्य: निरीक्षणवही, ‘प्रशस्त’ अ‍ॅप असलेला मोबाइल, चालू आठवड्याचा एक पाठ, ठळक अक्षरांच्या शब्दपट्ट्या, चिंचोके.

कृती

१. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातलं एक मूल निवडावं. दोन आठवडे रोज दोन ओळी लिहाव्यात: त्याला काय जमतं आणि ते कुठे अडतं. ‘मंद’, ‘लक्ष नाही’ असले शिक्के वहीत नकोत.

२. घरची बोली तपासा. ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल पुस्तकी मराठीत अडखळलं, तर ती अध्ययन अक्षमता ठरत नाही. तोच प्रश्न त्याच्या बोलीत विचारून पाहा. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांतल्या गैरहजेरीने राहिलेला अभ्यासही वेगळा काढा.

३. मग एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’मधला शिक्षकांसाठीचा पहिला भाग भरा. ही फक्त प्राथमिक चाळणी आहे. निदान तज्ज्ञच करतील.

४. इगतपुरीच्या गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी बोलवा. भाषण ठेवू नका. वह्या समोर ठेवून एकेका मुलावर बोला. मुलाचं नाव बैठकीबाहेर जाऊ देऊ नका.

५. तिथेच एका पाठात बदल करा. कमी ऐकू येणाऱ्यासाठी: पत्र्यावर पाऊस कोसळताना आवाज चढवून भागत नाही, मुलाला पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, मुख्य शब्द फळ्यावर लिहा. कमी दिसणाऱ्यासाठी: ठळक पट्ट्या द्या, फळ्यावरचं मोठ्याने वाचा. गणितात अडणाऱ्यासाठी: आधी चिंचोके, मग अंक. लिहिणं जड जाणाऱ्याचं उत्तर तोंडी घ्या.

६. हा पाठ सहकाऱ्यांपुढे दहा मिनिटं शिकवा. ‘मागच्या बाकावरच्याला काय कळलं?’ एवढंच त्यांनी सांगावं. लगेच सुधारून पुन्हा शिकवा.

७. आवणी उरकल्यावर पालकांना भेटा. आधी मुलाला काय येतं ते सांगा. मग तपासणी, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) माहिती द्या.

८. पुढच्या परिषदेला तीच वही आणा. जो बदल उपयोगी पडला तो ठेवा, बाकीचे बदला.

लक्षात ठेवा: एकवीस प्रकारांची नावं पाठ झाली म्हणजे शिक्षक तयार झाला, असं होत नाही. निवडलेलं मूल बाकीच्यांसोबत त्याच पाठात भाग घेऊ लागलं, की मगच दुसऱ्या मुलाची वही उघडा.