मळलेले फडके

आपण आता वाचू लागलो. पण पुष्कळ जण आम्हांला म्हणतात, "आमचं वय झालं. वाचलेलं ध्यानात राहत नाही. आमच्या हातून काय व्हायचं?" त्यांच्यासाठी आम्ही आज दोन भिक्षूंच्या गोष्टी सांगतो. त्या बौद्ध ग्रंथांत आल्या आहेत.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजच्या बिहारात राजगृह नावाचे शहर होते. तिथे दोन भाऊ भिक्षू झाले. थोरला महापंथक, धाकटा चूळपंथक. थोरला हुशार होता. धाकट्याचे पाठांतर काही होईना. थोरल्याने त्याला एकच गाथा पाठ करायला दिली. ४ महिने गेले. पुढची ओळ येई, तेव्हा मागची विसरे. शेवटी थोरल्याने त्याला निघून जायला सांगितले.

चूळपंथक खिन्न होऊन निघाला. दाराशी बुद्ध भेटले. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग एक स्वच्छ फडके दिले. हे हाताने चोळत बस आणि 'मळ जावो' एवढेच म्हणत राहा, असे सांगितले.

चूळपंथक तसाच चोळत बसला. थोड्या वेळाने पाहतो तर काय! फडके मळले होते. तो विचार करू लागला. हे तर स्वच्छ होतं. माझ्याच अंगानं मळलं. म्हणजे कोणतीच वस्तू आहे तशी राहत नाही. मग त्याला उमगले, की खरा मळ मनात असतो. लोभ, द्वेष आणि मोह हाच तो मळ. त्याच दिवशी त्याला ज्ञान झाले.

आता दुसरी गोष्ट. आनंद हा बुद्धांचा सेवक. त्याने २५ वर्षे त्यांची सेवा केली. बुद्धांचा उपदेश त्याला तोंडपाठ होता. तरी बुद्ध असेपर्यंत त्याला पूर्ण ज्ञान झाले नाही. बुद्धांच्या निर्वाणानंतर राजगृहाला ५०० भिक्षूंची सभा भरायची होती. आदल्या रात्री आनंदाने झोप घेतली नाही. येरझाऱ्या घालत तो ध्यान करीत राहिला. पहाटे जरा आडवा व्हायला गेला. डोके उशीला टेकण्याआधीच त्याला ज्ञान झाले.

मग शब्द फुकट का? नाही. सभेत आनंदाने सारा उपदेश म्हणून दाखवला, म्हणून तो पुढच्यांना मिळाला. चूळपंथकालाही एक शब्द लागलाच. पण शब्द वाट दाखवतात. चालायचे आपल्यालाच. पेरणी कशी करावी हे पाठ असले, तरी तिफण धरल्याशिवाय पीक येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मग लाखो लोकांना दिली. लोकांनी पंचशील म्हटले. पंचशील म्हणायला फार वेळ लागत नाही. पाळायला मात्र जन्म लागतो. दारू पिणार नाही, हे त्यातले एक शील. बाजारच्या दिवशी हातात पैसे असतात. वाटेत गुत्ता लागतो. तिथे पाय न थांबता घराकडे वळले, म्हणजे ते शील खरे वाचले.

तेव्हा पाठ होत नाही म्हणून कष्टी होऊ नका. एक ओळ वाचा. पण ती करून पाहा.

प्रश्न
१. चूळपंथकाला फडक्यावरून काय कळले?
२. आनंदाला सारे पाठ होते. मग उणे काय होते?
३. तुम्ही वाचलेली कोणती गोष्ट आजपासून कराल?