क्लच केबलची निगा : ताण किती ठेवावा, वाट कोणती द्यावी?

दुधाचे कॅन, भाजीची पोती, कामावर जाणे-येणे, मुलांची शाळा. पंढरपूर व भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी घरांचा दिवस एका लहान दुचाकीवर चालतो. १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या ‘लुना’ला हाताचा क्लच नव्हता. इंजिनचा वेग वाढला की आतला क्लच आपोआप धरत असे. पुढे बजाजची ‘एम-८०’ आली. तिचे गिअर डाव्या मुठीत आणि क्लचचा लिव्हरही तिथेच. पेट्रोलवरच्या या जुन्या गाड्या आता कारखान्यातून निघत नाहीत. म्हणूनच ज्यांच्या दारात अशी गाडी किंवा इंजिन बसवलेली सायकल आहे, त्यांनी तिची निगा स्वतः शिकून घेणे अगत्याचे आहे.

हा धडा मला ठेच लागून मिळाला. एका आषाढीच्या तोंडावर मी गाडीला नवी क्लच केबल बसवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही. नवी केबल पहिल्या काही दिवसांत ‘बसते’, म्हणजे तिच्यात ढील वाढते. स्टेशन रोडच्या गर्दीत मी क्लच पूर्ण दाबला, तरी चाक सुटले नाही. गाडी हातभर पुढे सरकली आणि एका म्हाताऱ्या माउलीच्या गुडघ्याला चाक लागले. इजा झाली नाही, पण चूक माझीच होती. दोन मिनिटांचे काम मी केले नव्हते.

केबल काम कशी करते?
या प्रकारच्या केबलचे पेटंट बाउडन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले. तिचे दोन भाग असतात. बाहेरची नळी म्हणजे पोलादी तारेचे वेटोळे व त्यावर प्लॅस्टिकचे आवरण. आतली तार म्हणजे पिळलेल्या बारीक तारांचा दोर. लिव्हर दाबला की आतली तार ताणली जाते आणि त्याच वेळी बाहेरची नळी दाबली जाते. म्हणून नळीची दोन्ही टोके आपापल्या खोबणीत घट्ट बसलेली असावीत. ॲडजस्टरचा स्क्रू बाहेर काढला की नळीची वाट लांबते व तारेतली ढील कमी होते. स्क्रू आत नेला की ढील वाढते.

ढील किती असावी?
या ढिलीला मिस्त्री लोक ‘प्ले’ म्हणतात. लिव्हर जिथे मुठीला जोडलेला असतो, तिथे साधारण २ ते ३ मि.मी. प्ले असावा. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. प्ले मुळीच नसेल, तर क्लच सतत अर्धवट दबलेला राहतो. मग इंजिन ओरडते, पण गाडी पळत नाही, प्लेटी जळतात आणि पेट्रोल वाया जाते. प्ले जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कडकडतो आणि गाडी थांबल्या जागी पुढे रेटते. प्लेटी झिजतात तसा प्ले कमी होतो आणि तार ताणते तसा तो वाढतो. सबब महिन्यातून एकदा तपासणी हवीच.

ॲडजस्ट करण्याचा क्रम
१. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व गाडी स्टँडवर लावावी.
२. मुठीजवळ ॲडजस्टर असल्यास त्याचा चेकनट सैल करून स्क्रू जवळजवळ पूर्ण आत न्यावा.
३. मोठा फरक इंजिनकडच्या टोकाला काढावा आणि बारीक फरक मुठीजवळ.
४. प्ले जमला की दोन्ही चेकनट आवळावेत. स्क्रूचे पुरेसे आटे आत राहिलेले असावेत.
५. नवी केबल असेल, तर तीन-चार दिवसांनी हाच क्रम पुन्हा करावा.

केबलची वाट
केबल जितकी वळेल तितके आतले घर्षण वाढते आणि हात भरून येतो. म्हणून वळणे थोडी व मोठ्या गोलाईची ठेवावीत. हँडल फिरते त्या ठिकाणी केबल मोकळी सोडावी, आणि क्लिपा केवळ आधारापुरत्या, नळी न दाबणाऱ्या असाव्यात. सिलिंडर व सायलेन्सरपासून केबल दूर हवी. आवरण वितळले की पाणी शिरते आणि तार गंजते. इंजिन बसवलेल्या सायकलीत इंजिनची चेन बहुधा डाव्या बाजूस असते व क्लचची दांडीही डावीकडेच, तेव्हा केबल चेनला घासत नाही हे आवर्जून पाहावे. ‘एम-८०’मध्ये गिअर बदलताना क्लचचा लिव्हर मुठीबरोबर फिरतो. म्हणून प्रत्येक गिअरमध्ये प्ले तपासावा.

शेवटची परीक्षा
इंजिन बंद ठेवून हँडल सरळ, पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे असे तिन्ही ठिकाणी प्ले पाहावा. तो तिन्हीकडे सारखा असावा. नसेल, तर दोष ॲडजस्टरचा नसून वाटेचा आहे. असे असताना स्क्रू फिरवत बसणे व्यर्थ. केबल सोडून पुन्हा ओढावी.

साध्या नळीची केबल उभी टांगून वरच्या टोकाला कागदाची पुंगळी बांधावी आणि खालून तेल ठिबकेपर्यंत इंजिन ऑईल सोडावे. आत नायलॉनचे अस्तर असेल, तर तेल घालू नये. मुठीतल्या निपलला मात्र थोडे ग्रीस लावावे. तो फिरला नाही की तार नेमकी तिथेच तुटते. तारेची एक जरी बारीक काडी तुटलेली दिसली, तरी केबल बदलावी.

कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे २५ घन सेंमीपर्यंतचे इंजिन असलेली दुचाकी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याहून मोठे इंजिन सायकलीवर बसवले, तर नोंदणी व लायसन लागते.

पाना दहा नंबरचा असो वा बारा, तो आपल्या हातात असावा. घरातल्या मुलामुलींनाही हे काम शेजारी बसवून शिकवावे. गाडी आपल्या घराची भाकरी वाहते हे खरे, पण तिच्यापुढून चालणारा माणूसही कोणाच्या तरी घरचा असतो.