चिखलीची शाळा आणि करवीर संस्थानातील सक्तीचे शिक्षण

कोल्हापूर शहराच्या वायव्येस, नद्यांच्या संगमामुळे प्रयाग चिखली म्हणून ओळखले जाणारे करवीर तालुक्यातील एक गाव आहे. ४ मार्च १९१८ रोजी येथे करवीर संस्थानातील सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची पहिली शाळा सुरू झाली. राजधानीच्या पेठांऐवजी शेतकऱ्यांच्या एका खेड्याला हा मान मिळाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले होते. बडोदे संस्थानात मात्र सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरचा कायदा जाहीर केला. शाळेच्या वयाचे मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्या काळी शेतमजुराच्या घराला ही रक्कम खचितच जड होती. गुरे राखणारे पोर शाळेत बसले म्हणजे घरातील दोन हात कमी होत, हेही खरे. परंतु केवळ दंडाच्या धाकावर ही योजना उभी नव्हती. तिच्यासाठी दरबारने दरसाल मोठी रक्कम राखून ठेवली, शिक्षणपट्टी बसविली, आणि इमारती होईपर्यंत न थांबता चावडी, देऊळ, धर्मशाळा अशा उपलब्ध जागांत वर्ग भरविण्याचे धोरण स्वीकारले.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९१७-१८ मध्ये या योजनेखाली २७ शाळा व १,२९६ विद्यार्थी होते. १९२१-२२ मध्ये शाळा ४२० आणि विद्यार्थी २२,००७ झाले. शाळेमागे विद्यार्थ्यांची सरासरी मात्र दोन्ही वेळी पन्नासच्या आसपासच राहिली. याचा अर्थ असा की, मोजक्या शाळा मोठ्या करण्याऐवजी शाळाच नव्या गावांपर्यंत नेण्यात आली.

तथापि, गावात शाळा असणे आणि ती सर्व गावाची असणे यांत अंतर होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा वेगळ्या भरत. १९१९ साली महाराजांनी त्या बंद करून या मुलांना इतरांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. एकाच सतरंजीवर सर्वांना बसविण्याचे हे काम दंड वसूल करण्याहून कितीतरी अवघड होते.

१९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सक्तीचा रोखच बदलला. पालकाला दंड राहिला नाही. शेजारात शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्था यांच्यावर आली. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर आहे. अलीकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. त्यावर मत देताना ग्रामपंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने पटाच्या आकड्याबरोबर एक साधी गोष्ट स्वतः तपासावी : वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात, ओढ्याला पाणी असताना, नव्या शाळेपर्यंत किती चालावे लागेल?