शरीराचा जमाखर्च

१९८४ सालच्या ऑगस्ट महिन्याची आठवी तारीख. अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत होती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ही शर्यत प्रथमच ठेवण्यात आली होती. केरळातील पय्योळी गावच्या वीस वर्षांच्या पी. टी. उषा अंतिम फेरीत धावत होत्या. तिसरी आणि चौथी यांच्यात अवघ्या एक-शतांश सेकंदाचे अंतर पडले, आणि चौथ्या क्रमांकावर उषा होत्या. पुष्कळ वर्षांनी त्या शर्यतीविषयी बोलताना त्यांनी एक साधीच गोष्ट सांगितली. खेळाडूंच्या निवासात त्यांना मानवेल असे अन्न मिळत नव्हते. भाताची पेज आणि लोणचे यांवर भागवावे लागे. शेवटच्या पस्तीस मीटरांत शक्ती टिकली नाही ती त्यामुळेच, असे त्या म्हणाल्या.

ही ओढाताण थोड्या दिवसांची होती. तीच महिनोन्‌महिने चालली, तर शर्यतीपेक्षा मोठे काही हातचे जाते.

अन्नापासून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. समजा, एक मुलगी दिवसाकाठी दोन हजार उष्मांकांचे अन्न खाते आणि खो-खोच्या सरावात त्यांतील तीनशे खर्च करते. उरलेल्या सतराशेंवर तिच्या शरीराचा संसार चालतो. हृदयाचे ठोके, मेंदूचे काम, अंगातील ऊब, नव्या रक्ताची निर्मिती, रोगांशी झुंज, हाडांची वाढ, हे सारे त्याच शिलकीतून भागवायचे असते. पुढे स्पर्धा जवळ आली, सराव दुप्पट झाला, आणि जेवण मात्र पूर्वीइतकेच राहिले, किंवा वजन घटावे म्हणून तिने ते कमी केले, तर शिल्लक झपाट्याने आटते. सरावाचा खर्च शरीराला टाळता येत नाही, कारण धावणारे पाय आपला वाटा आधी उचलतात. मग काटकसर कोठे करायची? अडचणीतला गृहस्थ चूल पेटती ठेवतो आणि घराच्या डागडुजीचे काम पुढे ढकलतो. शरीरही तेच करते. जे आज थांबले तरी आज कळणार नाही, ते काम ते आधी थांबवते.

ही काटकसर कशी होते याचे सविस्तर दर्शन एका प्रयोगात घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लाखो लोक अन्नावाचून खंगले होते. त्यांना पुन्हा कसे पोसावे, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुण निवडले. सदसद्विवेकाला स्मरून त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला होता; परंतु दुसऱ्यांसाठी उपाशी राहण्यास ते आपण होऊन पुढे आले. १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांचे अन्न सुमारे निम्म्यावर आणण्यात आले. बटाटे, सलगम, पाव असे युद्धकाळातील जेवण त्यांना मिळे, आणि प्रत्येकाला आठवड्यास सुमारे पस्तीस किलोमीटर चालावे लागे. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. कोणी ताटे चाटून पुसून काढी, तर कोणी पाकक्रियेची पुस्तके वाचत बसे. वाचनात, गप्पांत, कशातच त्यांचे मन रमेना.

या तरुणांना आपण उपाशी आहोत हे ठाऊक होते. खेळाडूचे तसे नसते. कठोर व्यायामानंतर भूक काही वेळ मंद होते. त्यामुळे आपले जेवण अपुरे पडत आहे हे त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. आरंभी तर वजन उतरल्याने वेग थोडा वाढलेलाही दिसतो. सारे चांगले चालले आहे असे वाटते, आणि मोठमोठे प्रशिक्षकही येथेच चुकतात.

अमेरिकेची मेरी केन २०१३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत पंधराशे मीटरच्या अंतिम शर्यतीत धावली. एवढ्या लहान वयात तेथवर पोहोचणारी मुलगी असामान्यच. परंतु आणखी सडपातळ झालीस तर आणखी वेगाने धावशील, असे तिला सतत ऐकावे लागले. पुढे काय झाले ते तिने २०१९ साली जाहीरपणे सांगितले: तीन वर्षे तिची मासिक पाळी बंद होती, आणि तिची पाच हाडे मोडली.

या दोन गोष्टींचा संबंध निकटचा आहे. उष्मांकांची शिलक फार खाली गेली की मेंदू पाळी चालविणाऱ्या संप्रेरकांना आवर घालतो. हीच संप्रेरके हाडेही मजबूत राखतात. ती घटली की हाडांची डागडुजी मागे पडते आणि रोजच्या धावण्यानेच त्यांना बारीक चिरा पडतात. सरावामुळे पाळी थांबणे साहजिक आहे, असे कोणी म्हटले तर ते खरे मानू नये. ती शरीराने दिलेली स्पष्ट सूचना असते. मुलांच्या बाबतीत अशी उघड खूण नसते, म्हणून त्यांचे दुखणे अधिकच लपून राहते. पूर्वी हा विकार स्त्रियांपुरताच समजला जाई. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तो पुरुष खेळाडूंनाही होतो हे मान्य करून त्याला नवे नाव दिले.

उपाय शोधताना कीज यांच्या त्या तरुणांकडे पुन्हा वळावे लागते. त्यांच्यापैकी काहींना जीवनसत्त्वे अधिक दिली, काहींना प्रथिने अधिक दिली. त्याने फारसा फरक पडला नाही. पोटभर उष्मांक मिळू लागले तेव्हाच ते सावरू लागले. खेळाडूचेही तसेच आहे. महागड्या डब्यांतील भुकटीआधी त्याला हवी असते आणखी एक भाकरी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध, आणि सरावाला रिकाम्या पोटी न जाण्याची सवय. सराव हलका केला आणि जेवण वाढविले की बहुधा काही महिन्यांत पाळी परतते. हाडे मात्र इतकी तत्पर नसतात. जन्मभर पुरणाऱ्या हाडांच्या बळाचा फार मोठा भाग पौगंडावस्थेच्या थोड्या वर्षांतच साठविला जातो, आणि त्या वर्षांत जे साठले नाही ते पुढे पुरतेपणी भरून निघेलच असे नाही.